शेवटची पाकळी

"मॅडम, तुमच्या ह्या छपरात एक तरी रेघ सरळ आहे का?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, मनस्वीचा होता. हॉलमध्ये उभं राहून हे विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातली सुकट तुझी, अशी पैज तिने लावली होती. निशाने वर हेही जोडलं की आफरीन, म्हणजे मी, विचारणारच नाही, तिची बोबडी वळेल. गेल्या वर्षी वळली असती. तेव्हा मी हजेरीसुद्धा खाली मान घालून द्यायचे. पण ह्या जूनमध्ये बाईंनी मला प्रार्थनेनंतरच्या बातम्या वाचायला उभं केलं, आणि माईकमधून येणारा माझा आवाज मलाच इतका आवडला की तेव्हापासून मी थांबतच नाही.

तर दहावीच्या तिन्ही तुकड्या खो खो हसल्या. समोर नीता मॅडम उभ्या होत्या, आर्किटेक्ट, आम्हाला करिअरबद्दल सांगायला आलेल्या. त्यांच्या हातात पांढरा चौकोनी तुकडा होता, पण कसला चौकोनी? तीन कोपरे वर आणि चौथा कुणी चिमटीत धरून खाली ओढल्यासारखा, मधलं अंग सगळं पिळलेलं. असे चार तुकडे एका खांबाभोवती जोडले की एक उलटी छत्री होते, आणि छत्रीला छत्री जोडत गेलं की बाजार, वर्ग, बस स्टॉप, हवं ते छप्पर. सगळ्याला एकच साचा, असं त्या सांगत होत्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या कंपासमधली पट्टी मागितली आणि त्या पिळलेल्या तुकड्यावर ठेवली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून बसली. थोडी बाजूला सरकवली, तरी बसली. मग आडवी ठेवली, तरीही.

"सगळ्याच सरळ आहेत," मॅडम म्हणाल्या. "फक्त प्रत्येक रेघ शेजारणीपेक्षा जरा जरा तिरकी होत जाते. म्हणून आपल्याला सगळं वाकडं दिसतं."

पुढे त्या म्हणाल्या की चिरनेरकडच्या एका शाळेला मुलांना जेवायला बसण्यासाठी अशी शेड करायची आहे, पण हे तुकडे फायबरमध्ये नीट काढून देणारा माणूस पनवेलमध्ये मिळत नाहीये. मी अजून खाली बसलेच नव्हते. म्हटलं, माझे अब्बा फायबरचे घुमट बनवतात.

माझे अब्बा, म्हणजे कमरुद्दीन घुमटवाले. आडनाव ते नाही, पण पळस्पे फाट्यापर्यंत सगळे तसंच म्हणतात. नऊ वर्षं ते दोह्याला होते, तिथे फायबरचं काम शिकले आणि मी चौथीत असताना परत आले. पळस्प्याला त्यांची शेड आहे. तिथे मशिदींचे घुमट होतात, कुणी सांगितलं तर देवळाचे कळसही. पण आता तयार घुमट ट्रेलरवरून बाहेरून येतात, आणि शेडमध्ये काम नसलेले दिवस जास्त झाले होते. त्यात दोह्याच्या जुन्या फोरमनचा फोन आला, परत ये म्हणून. महिनाअखेर हो की नाही सांगायचं होतं. अम्मीचं म्हणणं, जा. आफरीनला फार्मसीला घालायचं आहे, मामूच्या जास्मीनसारखं, आणि शेडच्या भरवशावर ते होणार नाही.

मला अब्बांनी जायला नको होतं आणि मला फार्मसीही नको होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

नीता मॅडम खरंच शेडवर आल्या. आधी नमुना म्हणून आठ तुकडे, म्हणजे दोन छत्र्या, दोन आठवड्यांत. जमल्या तर शाळेचे पूर्ण अठ्ठेचाळीस. अब्बांनी लोखंडी सळयांचा साचा बांधला, प्रत्येक सळई सरळ, आणि वर प्लास्टर फिरवून तो आरशासारखा घोटला. धर्मराजकाका, जे अब्बांबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत, ते लांबून बघत होते.

"पोरांना खिचडी खायाला येवढा पिळलेला छप्पर कशाला पायजे?" ते म्हणाले. "पानी कुठशी जानार?" मॅडमनी सांगितलं, मधल्या पोकळ खांबातून. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

आता घुमटाची एक गोष्ट सांगायला हवी. घुमटाला सोळा पाकळ्या असतात, सगळ्या एकाच साच्यातल्या. पण अब्बा पंधराच काढतात. त्या उभ्या करून बोल्ट लावतात, मग जी जागा उरते तिचं माप घेतात आणि त्या मापाची सोळावी बनवतात. कारण प्रत्येक पाकळी सूतभर इकडेतिकडे होतेच, आणि ते सगळं सूत शेवटी एकत्र येतं. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. अब्बांच्या उस्तादांनी असंच शिकवलं होतं. इथेही त्यांनी तेच केलं. तीन तुकडे साच्यातले, चौथा उरलेल्या जागेचा. टेप मीच धरली होती, आणि यात काही चुकतंय असं मलाही सुचलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा दोन छत्र्या इतक्या ऐटीत उभ्या होत्या की मनस्वीने दहा फोटो काढले. मॅडमही खूश. मग त्या म्हणाल्या, आता सगळे उतरवा, मिसळा आणि पुन्हा लावा. अब्बांनी विचारलं, कशाला? उद्या एखादा तुकडा फुटला, तर तुम्ही इथून कुठलाही पाठवाल आणि तो तिथे बसायला हवा, म्हणून.

मिसळून लावले. एका छत्रीत दोन बोटं जातील एवढी फट पडली. दुसरीत तुकडे एकमेकांवर चढले.

"कमरुद्दीनभाई, हे घुमटाचं काम झालं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला विटेचं हवं होतं. कुठलीही उचला, कुठेही लावा." बारा दिवसांनी परत येते, तोवर बघा, असं सांगून त्या गेल्या.

अब्बा घरी जेवले नाहीत. अम्मीला एवढंच म्हणाले की दोह्याला हो कळवून टाकतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्याबरोबर शेडवर गेले. ते हत्यारं आवरायला लागले आणि मी गवंड्यांची लांब ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन एकेका तुकड्यावर ठेवत सुटले. पहिल्याच तुकड्यावर मध्ये उजेड दिसला. दुसऱ्यावरही. सहा तुकड्यांवर पट्टी बसलीच नाही, दोन तुकड्यांवर मात्र अशी बसली की कागद सरकेना. मी दोन्ही उलटे केले. काका मागे मार्करने तारीख घालतात. दोन्ही गुरुवारचे निघाले, एक पहिल्या आठवड्यातला, एक दुसऱ्या. शुक्रवारी आमची शेड बंद असते, म्हणजे ते दोनच तुकडे शनिवारपर्यंत साच्यावर राहिले होते. बाकीचे घातले त्याच संध्याकाळी उतरवलेले.

माईकवर बातम्या वाचणं सोपं असतं. आपल्या बापाला त्याच्याच कारखान्यात चूक सांगणं अजिबात सोपं नसतं.

"अब्बा, साचा बरोबर आहे," मी म्हटलं. "तुम्ही घाई करता. पुरतं सुकायच्या आधी उतरवता, मग ते बाहेर आपल्या मनाने वळतं."

"झाला," काका म्हणाले. "आता पोरगी शिकवनार आपल्याला."

अब्बा हत्यारं सोडून पुढे आले. माझ्या हातातून पट्टी घेतली, गुडघ्यावर बसले, तुकड्याला गाल लावून तिच्याखालून बघितलं. असे आठही तुकडे बघितले. त्यात इतका वेळ गेला की मला वाटलं, आता मला घरी पाठवणार.

"घुमटावर पट्टी बसतच नाही ना," शेवटी ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली, आफू, मला कळायचं कसं?"

त्याच दिवशी नवा तुकडा साच्यावर चढला आणि सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. रोज एक. शाळा सुटली की मी रिक्षाने शेडवर, हातात पट्टी. तिसऱ्याच्या कडेला बारीक उजेड दिसला, तेव्हा अब्बांनी मी बोलायच्या आधीच तो बाजूला काढला. आठव्याची कड कापताना मात्र त्यांचा हात शेवटच्या पाकळीच्या सवयीने रेघेच्या बाहेर गेला, दोन बोटं जास्त ठेवायला. काकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. अब्बा थांबले, स्वतःशीच हसले आणि रेघेवर कापलं.

यावेळी तुकडे मिसळायचं काम मॅडमनी मनस्वीला दिलं. तिने मुद्दाम, अगदी दुष्टपणे, सगळ्यांची अदलाबदल केली. काका बोल्ट लावत गेले. पहिल्या छत्रीचे चार बसले. दुसरीचेही बसले. मग काकांनी स्वतःहून दोन तुकडे काढून परत अदलाबदल केली, कारण त्यांचा विश्वास बसेना, आणि तेही बसले. मॅडमनी अठ्ठेचाळीसचं काम तिथेच पक्कं केलं. अट एकच, प्रत्येक तुकडा पट्टीने तपासून त्यावर तपासणाऱ्याची सही हवी.

संध्याकाळी खांदा कॉलनीत घरी आलो. अम्मीने शीरखुर्मा केला होता, ईद नसताना. पण वाट्या रिकाम्या झाल्यावर ती म्हणाली की एका शाळेचं काम दिवाळीपर्यंत संपेल, त्यानंतर काय? फार्मसी चार वर्षांची असते. अब्बा मान खाली घालून फोन हातात फिरवत राहिले. दोह्याला हो कळवतो म्हणाले होते, पण अजून कळवलं नव्हतं. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला, मी चौथीत असायच्या आधी व्हिडिओ कॉलवर दिसायचा तसा.

मी वाटी खाली ठेवली आणि उभी राहिले. बसून मला हे जमलं नसतं.

"अम्मी, अब्बा, मी फार्मसीला जाणार नाहीये. ती जास्मीनला आवडते, मला कधीच आवडली नाही, मी सांगितलं नाही ही माझी चूक. दहावीनंतर मी सिव्हिलचा डिप्लोमा करणार, इथेच राहून, आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तुकड्यांवर सही माझी असणार. तेव्हा माझ्या नावाने कुणी दोह्याला जायचं नाही. अब्बा, तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर तसं सांगा, मी अडवणार नाही. पण माझं कारण आजपासून बंद."