दूर बसायचे चार दिवस

साहेब, माझ्या बहिणीच्या पोटाला हातही न लावता तुम्ही तिची पिशवी काढायचं ठरवलं. तुमचं नाव मी घेत नाही. वर्ध्यातल्या बाया तुम्हाला नावाशिवायही ओळखतील.

अनुसया केळझरला दिली. अठ्ठ्याहत्तरला दुसरं बाळंतपण झालं, तेव्हापासून तिचं ओटीपोट दुखायचं. घागर उचलताना, लघवीला बसताना. नवरा जवळ आला की जास्तच. हे ती मला, थोरल्या बहिणीला, सांगायची. तुम्हाला कसं सांगणार? तुमच्या टेबलासमोर खुर्ची एकच. त्या खुर्चीवर तिचा नवरा चंद्रभान बसला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय होते?" तुम्ही त्याला विचारलं.

"पोट दुखते म्हणते जी."

"लेकरं?"

"दोन. एक पोरगा आहे."

"मग आता पिशवीचं काय काम? काढून टाकू. झंझट खतम."

मी मधे तोंड उघडलं, तर म्हणालात, "बाई, तुम्ही बाहेर बसा."

तिची सोय एकच होती. महिन्याचे चार दिवस, पाळीचे. तेव्हा ती सपरीत, घराबाहेरच्या छपराखाली, गोणपाटावर दूर बसायची. चूल नाही, पाणी नाही, वावर नाही, नवरा नाही. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. सासू देवकाबाई लांबूनच भाकर सरकवायची. "लोय व माय, लोय पडल्या पडल्या! सरकारी नोकरी आहे तुही, पगारी सुट्टी!" विटाळ म्हणून बाईला ज्या कोपऱ्यात टाकतात, त्याच कोपऱ्यात माझ्या बहिणीला आराम मिळत होता. थू असल्या जगण्यावर.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. टाके सुकले. ती पाण्याला गेली आणि घागर डोक्यावर घेता घेता मटकन खाली बसली. तेच दुखणं, त्याच जागी. गेले होते ते फक्त चार दिवस.

"आता काऊन कण्हून राह्यली?" देवकाबाई म्हणायची. "डाक्टरानं तर मुळासकट काढलं ना!"

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी अनुसया उठली आणि सरळ सपरीत जाऊन गोणपाटावर बसली.

"आत्याबाई, मले शिवू नका. मी दूर बसली."

पिशवी नसलेल्या बाईला विटाळ कुठला? पण खरंच असला तर? देव्हाऱ्यात गणपती, फळीवर लोणच्याची बरणी. देवकाबाईनं दारातून शिव्या घातल्या, पण हात धरून उठवायची तिची छाती झाली नाही. चंद्रभानही लांबूनच वावरात गेला. मी बोरगावहून भेटायला गेले, तर अनुसया हसली. "ताई, लय दिवसानं झोप लागली व मले."

पाचव्या दिवशीही ती उठेना, तेव्हा चंद्रभाननं तिला ओढत तुमच्याकडे आणली. तुम्ही सिस्टरला तपासायला लावलं. रक्ताचा डागही नव्हता.

"खोटं काऊन बोलली?" चंद्रभान ओरडला.

"दुखते म्हटलं तर कोणी आयकत नाई," ती म्हणाली. "विटाळ म्हटला की सारे आयकते."

तुम्ही हसलात, साहेब. सिस्टरसुद्धा हसली नाही, तुम्ही हसलात. मग चंद्रभानला म्हणालात, "पोटात काही नाही. हिचं दुखणं डोक्यात आहे. नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात घेऊन जा."

तो सोमवारी नेणार आहे. लेकरं सासूजवळ राहतील. "वेडीले घरात कोण ठेवते?" म्हणत देवकाबाईनं लेकासाठी दुसरी पोरगी पाहायला घेतली आहे. अनुसया माझे पाय धरून म्हणते, "ताई, मी वेडी नाई व. मले फक्त दुखते."

तुमच्या एका शब्दावर तिची लेकरं तिच्यापासून तुटताहेत. म्हणून सोमवारच्या आत मी तुमच्या दारात उभी राहणार आहे. बाकावर बसलेल्या सगळ्या बायांसमोर विचारणार आहे, आणि या वेळी मी बाहेर बसणार नाही. दुखणं डोक्यात होतं, तर तुम्ही तिचं पोट काऊन फाडलं? बोला, साहेब.