थकलेल्या आयांचा कोच

नोकरी सोडून नवरा ऑनलाइन कोच झाला, तोही म्हणे थकलेल्या आयांचा. गिऱ्हाईक अजून एकही नव्हतं. आधी त्यांची दुखणी समजून घ्यायची, असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकून हा शहाणा ओळखीपाळखीच्या बायकांना फोन लावत बसायचा.

त्या दिवशी माझ्याच मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होता. मागे मी ओले कपडे वाळत घालत होते आणि धाकटी माझ्या कडेवर रडत होती.

"स्वतःसाठी थोडा तरी वेळ मिळतो का तुम्हाला?" त्याने इतक्या मऊ आवाजात विचारलं की मला किळस आली. लग्न झाल्यापासून हा आवाज माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

मैत्रीण म्हणाली, "भावोजी, मागे उभी आहे ना, तिला विचारा."

त्याने मान वळवली. "अगं, हिला घेऊन जरा आत जा. आवाज येतोय."

मी धाकटीला त्याच्या मांडीवर ठेवलं, चपला घातल्या आणि मैत्रिणीला सांगितलं, "फोन ठेव, मी तुझ्याकडेच येतेय."

जिन्यात त्याची हाक ऐकू आली, "अगं, पण ही खाते काय?"