टिकली मेंढी पार्टीला येते

"आणि आप्पा, रविवारी पुस्तकाच्या पार्टीला टिकलीला घेऊनच या हं," स्कूटी स्टँडवर चढवता चढवता दिपाली मॅडम म्हणाल्या. "मी ग्रुपवर टाकून बसलेय. आधी खेळ, मग चेहरे रंगवणं, आणि शेवटी खुद्द टिकलीची भेट. पोरं नुसती वेडी झालीत."

कडुबाच्या गालातला तंबाखूचा बार जागच्या जागी थिजला. टिकली नाही, हे शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण ज्या माणसानं जन्मात कुठल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही, त्याला ते एकदम कसं जमावं? तो म्हणाला, "आनू की. फकस्त तिचा तोरा लई. पायी येत नाय म्हणली तर गाडी करावी लागंल."

मॅडम हसत लिफ्टमध्ये शिरल्या. मीटरच्या खोलीला लागून वॉचमनची खोली होती. तिच्यातून बानाबाईचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला, "आना आना. कुठून आनता म्हनं? वरून का खालून?"

कडुबानं बार थुंकला आणि गेट लावायला गेला. 

शहराच्या कडेला सातारच्या डोंगराखाली असलेल्या त्या सोसायटीत त्याची नेमणूक वॉचमनची होती, धंदा मात्र थापा मारायचा. टँकरला उशीर झाला की पोरं गेटपाशी जमायची, आणि टँकर येईस्तोवर कडुबा त्यांना टिकली मेंढी पुरवायचा. टिकली अंगानं काळीशार, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. एकदा तिला तहान लागली, तर तिनं त्याच्या पिशोर गावची एक विहीर एका दमात पिऊन टाकली. तळाला बेडकं खोकत बसली, तेव्हा दया येऊन तिनं एक गुळणी परत टाकली. घाटात बिबट्या आडवा आला, तर ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. तेव्हापासून तो बिबट्या भाजीभाकरीवर आहे. आणि वेरूळच्या दगडी हत्तीची सोंड? ती टिकलीनं मिठाचा खडा समजून चाटून चाटून संपवली.

"पण आप्पा, टीचर तर वेगळंच सांगत होत्या," एखादं शहाणं पोरगं म्हणायचं.

"त्या टीचरनं टिकलीची जीभ बघितली नाय बाबा. कानस होती कानस!"

दिपाली मॅडमनी बाल्कनीतून ऐकत ऐकत त्या गोष्टी लिहून काढल्या आणि पदरमोड करून त्यांचं पुस्तक छापलं, 'टिकलीनं विहीर प्यायली'. बाई सरळ मनाची. आत स्वतःच्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत त्यांनी छापलं, 'गोष्टी सांगणारे: कडुबा आप्पा'. कडुबाला वाचता येत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या मुनिराबाईंच्या निलोफरनं त्याचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं होतं. "ये तुमारा नाव, आप्पा. इथनं इथपर्यंत." नंतर कितीतरी वेळ त्यानं ते बोट कशालाच लावलं नाही.

पण त्या सगळ्या थापांच्या ढिगाऱ्यात एक गोष्ट खरी होती, ती म्हणजे टिकली.

टिकली होती. कपाळ, तोरा, सगळं होतं. तेव्हा कडुबाचा मोठा कळप होता. दिवाळी सरली की पिशोरकडून चारत चारत तो ह्याच डोंगराखाली उतरायचा. इथले शेतकरी त्याची मेंढरं आपापल्या वावरात रात्रीपुरती बसवून घ्यायचे. लेंडीमुताचं खत वावराला, आणि ज्वारीची पायली कडुबाला. आज सोसायटीचा हॉल आहे, तिथं बसलेल्या कळपात सगळ्यात पुढं टिकली असायची. मग वावरांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर मजले चढले, आणि पाऊसही कुणीतरी आपल्या नावावर करून घेतल्यासारखा नाहीसा झाला. मागच्या दुष्काळात सगळा कळप शहरात शहागंजच्या जहांगीरभाई खाटकाकडं गेला. टिकलीला तेवढी कडुबानं ठेवून घेतली. पण मेंढरू एकटं जगत नाही. इथल्याच मोकळ्या वाड्यात ती ओरडत फिरली, समोर टाकलेल्या पाल्याला तोंड लावेना. शेवटी कळप गेला त्याच वाटेनं तो तिला घेऊन गेला. दोरी लागली नाही. ती आपणहून त्याच्या मागं चालत होती.

तेव्हापासून त्यानं तिला थापांमध्ये चरायला सोडली होती. तिथं चारा भरपूर होता.

शनिवारी कडुबा शहागंजला गेला. जहांगीरभाईच्या आवारात मेंढरं दाटीनं उभी होती.

"मेंढी पायजे, जहांगीरभाय. एका दिसापुरती."

"किराये पे?" जहांगीर खाटेवर उठून बसला. "आप्पा, मंडप किराये पे सुना, घोडा किराये पे सुना. भेड पैली बार सुनरा मैं!"

मुंबईहून एक मोठा साहेब मेंढी बघायला येतोय, अशी एक झकास थाप कडुबानं रस्त्यातच रचून ठेवली होती. पण ती इथं कामाची नव्हती. टिकली कुठं गेली, हे बानाबाईखेरीज जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो समोरच्या खाटेवर बसला होता. कडुबानं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. पुस्तक, पोरं, ग्रुपवरचा निरोप, सगळं.

जहांगीरचं हसू ओसरलं. "वो टिकेवाली? याद है मेरेकू. तुमे फाटक के बाहर बैठे थे, शाम तलक. चाय बी नै पिये." मग तो कळपात शिरला आणि एका काळ्या मेंढीचा कान धरून बाहेर आला. "ये लेको जाव. मगर कल शाम, मगरिब के पैले लाको बांधो. परसों मोमिनपुरे में शादी के वलीमे की दावत है, जबान दे दिया मैं."

"टिका नाय हिला."

"तो लगाव ना! तुमकू क्या सिखाना?"

रविवारी सकाळी सकाळी कडुबा मेंढी घेऊन निघाला. ती चालेना. दोरीला हिसके देत, दर खांबापाशी मागं बघून ओरडत आली. कडुबानं जीभ टाळूला लावून आपली जुनी हाळी दिली. त्या हाळीवर कधीकाळी अख्खा कळप वळायचा. ह्या बयेनं कानसुद्धा हलवला नाही. ज्याचा त्याचा धनी, ज्याची त्याची हाळी.

खोलीशी पोचल्यावर त्यानं चंचीतला चुना बोटावर काढला, थुंकीत कालवला आणि तिच्या कपाळावर गोल ठिपका दिला. बानाबाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या जिभेवर शंभर टोमणे तयार असणार. पण ती आत गेली आणि स्वतःच्या वाटच्या पाण्यातली अर्धी बादली आणून मेंढीपुढं ठेवली.

"आगं, रातच्याला काय पिशील?" कडुबा म्हणाला.

"पाव्हणी हाय," बानाबाई म्हणाली. "नाक ल्हान हाय हिचं. आपलीचं नाक मोठं व्हतं."

हॉलमध्ये पताका लागल्या होत्या. पोरं कडुबाची घोंगडी पांघरून गुडघ्यांवर मेंढ्यांची शर्यत लावत होती. डोळे बांधून भिंतीवरच्या चित्राला शेपूट चिकटवायचा खेळ चालला होता, आणि एका गड्यानं शेपूट थेट सोसायटीच्या चेअरमनना चिकटवलं. एका टेबलावर दिपाली मॅडम पोरांचे चेहरे रंगवत होत्या. मधोमध पुठ्ठ्याची कमरेएवढी विहीर होती. मूळ खेळ पेल्यांनी पाणी आणून विहीर भरायचा होता. पण चेअरमननी हात जोडले होते, "मॅडम, यंदाच्या साली पाण्याचा खेळ? लोक मला त्याच विहिरीत टाकतील." म्हणून पाण्याऐवजी निळ्या कागदाचे चुरगळलेले बोळे होते. पोरं पळत पळत ते आणून टाकत होती आणि विहीर काठोकाठ भरली होती.

"आणि आता," मॅडमनी माईक घेतला, "आपली टिकली!"

कडुबा मेंढी घेऊन आत आला. पोरांनी केलेल्या कल्लोळानं पताका हलल्या म्हणतात, आणि ह्या एका बाबतीत ते खरंही असेल. मेंढी बिचकली, ओरडली, दोरी ओढू लागली.

"आप्पा, ती रडते का?" कुणीतरी विचारलं.

"रडती कुठं? गाती हाय. तुमचं कवतिक करती."

"मग तिला हाक मारा ना! पुस्तकात तुम्ही हाक मारली की ती येते. दोरी सोडा!"

"सोडा! सोडा!" सगळा हॉल ओरडायला लागला.

कडुबानं दोरीचा वेढा मुठीत आवळला. दोरी सोडली की ती दाराकडं पळणार, हाळी फुकट जाणार, आणि एवढ्या पोरांसमोर टिकली मरणार. खरी मेली तेव्हा बघायला कुणी नव्हतं. पण मॅडम मानेनं हो म्हणत होत्या, पोरांनी वाट करून दिली होती. त्यानं दोरी सोडली आणि जीभ टाळूला लावून हाळी दिली.

मेंढी त्याच्याकडं आली नाही. ती सरळ विहिरीकडं गेली, पुढचे दोन्ही पाय काठावर टेकले आणि तोंड आत खुपसून निळे कागद मटामटा खाऊ लागली.

पोरं पुढं झुकली. मग एकदम, "टिकलीनं विहीर प्यायली! टिकलीनं विहीर प्यायली!"

पोरं नाचायला लागली. चेअरमन टाळ्या पिटत होते. दिपाली मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कडुबाची एक थाप सगळ्यांदेखत खरी झाली, आणि तिच्यात त्याचा काडीचा हात नव्हता. तो तसाच उभा राहिला, हातात मोकळी दोरी घेऊन.

पोटभर पिऊन मेंढीनं मान वर काढली, तेव्हा कागदांनी तिचं कपाळ पुसून निघालं होतं. ठिपक्याच्या जागी नुसता एक धुरकट फराटा उरला होता.

सगळ्यात पुढं निलोफर होती. गालांवर मेंढीच्या मिशा काढलेल्या. तिनं मेंढीच्या कपाळावर बोट फिरवलं. चुना बोटाला आला. तिनं बोटाकडं बघितलं, कडुबाकडं बघितलं, आणि बोट फ्रॉकला पुसून टाकलं. मग टेबलापाशी जाऊन रंगाची पांढरी डबी घेऊन आली. "टिकली का भी चेहरा रंगाना है," ती मोठ्यानं म्हणाली, आणि दाटीत बसून तिनं त्या कपाळावर अगदी निगुतीनं पांढरा गोल काढला. तो चुन्यापेक्षा सुबक होता.

त्यानंतर मेंढी ओरडली नाही. भोवती पोरांचा कळप होता. सगळे काळे पांढरे चेहरे, कान, मिशा. ती त्यांच्यामध्ये बसली आणि रवंथ करू लागली.

उन्हं कलली तशी कडुबानं दोरी उचलली. गेटपाशी निलोफर मागून आली.

"आप्पा, ये असली टिकली नै ना?"

कडुबानं तोंड उघडलं. एरवी तिथं शंभर थापा दावणीला असायच्या. आज एकही नव्हती.

"मैं किसीकू नै बोलती," ती म्हणाली. "असली कुठं हाय?"

"ती म्होरं गेली, बाय."

"और ये? ये बी उसके पास जाती क्या?"

"व्हय," कडुबा म्हणाला. "आजच."

"फिर ठीक है," निलोफर म्हणाली. "दोनो रहेंगे तो रोयेंगे नै." आणि मिशा जपत ती घरी पळाली.

वाटेत रेल्वेच्या पुलाखाली गाड्यांची गर्दी झाली, दोरी हातातून निसटली. कडुबानं घाबरून सवयीनं हाळी दिली. मेंढी थांबली, वळली आणि गाड्यांच्या मधून वाट काढत येऊन त्याच्या धोतराला नाक घासत उभी राहिली. त्यानं दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. शहागंजपर्यंत ती त्याच्या मागं चालत आली. ह्या वाटेवर हे दुसऱ्यांदा होत होतं, म्हणून त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

जहांगीरनं फाटक उघडलं. मेंढीचं कपाळ बघितलं, अंगठ्यानं घासून बघितलं. "पक्का रंग लगाये रे."

"पुसू नगंस," कडुबा म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

"बैठो आप्पा. चाय पीके जाव."

ह्या वेळी कडुबा बसला. चहा प्याला. आतून एकदा ओरडण्याचा आवाज आला, मग कळपाच्या आवाजात मिसळून गेला.

तो परतला तेव्हा दिवे लागले होते. मॅडमनी हॉल झाडायला सांगितला होता आणि बानाबाईनं तो झाडला होता. पताका, कागद, शेपट्या सगळं एका पोत्यात भरलेलं. तिच्या हातात सुपडी होती आणि सुपडीत मेंढीच्या लेंड्या. त्या तिनं टाकल्या नव्हत्या. गेटजवळ सोसायटीनं लावलेलं एक कडुनिंबाचं रोप होतं, यंदा वाळत चाललेलं.

"पोचली?" तिनं विचारलं.

"पोचली."

ती रोपापाशी बसली. तोही टेकला. दोघं एकेक लेंडी बोटांनी फोडून मुळाशी पसरत राहिले, पूर्वी ह्याच जमिनीत कळप पसरायचे तसे. लेंड्यांबरोबर झाडून आलेला निळ्या कागदाचा बारका तुकडा मधूनमधून हाताला लागत होता.

कडुबानं बोटं एकमेकांवर चोळून बघितली. त्या अख्ख्या आवारात तेवढंच काय ते ओलं होतं.