आठवा सेन्सर

मशीनची वायरिंग तपासायच्या आमच्या कामाला दोन माणसं लागतात. एक मशीनपाशी, एक पॅनेलपाशी. एकोणीस वर्षं मशीनपाशी नियाज आणि पॅनेलपाशी मी. तो सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरायचा, इकडे पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या संगणकावर, त्या नंबरचा दिवा लागायचा आणि मी ओरडायचो, “आला, सोड!” मग तो पुढच्या सेन्सरकडे. वायर चुकीच्या जागी गेली असेल तर चूक माझी, सेन्सर चुकीचा बसला असेल तर त्याची, आणि भांडण दोघांचं.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये आमच्या साहेबांनी लॅपटॉप घेतला. आता सगळे इनपुट-आउटपुट म्हणे पडद्यावर दिसणार. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “बापूराव, एकट्याला जमेल का?” बाहेर नियाज पॅनेलमध्ये वायरी ओढत होता. मी म्हणालो, “जमेल.”

महिनाअखेर नियाजला नारळ मिळाला. हल्ली तो बुधवार पेठेत चुलतभावाच्या दुकानात पॅनेलला लागणारे रिले विकतो. मी तिकडे फिरकलेलो नाही. लाज वाटते, दुसरं काय!

डिसेंबरातल्या एका रविवारी वाघोलीच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या नव्या प्रेसची तपासणी होती. सुट्टीचा दिवस, शेडमध्ये चिटपाखरू नाही. लॅपटॉप पॅनेलपाशी मांडला. तो काही उठून चाळीस फुटांवर तुकडा धरायला जाणार नव्हता. म्हणून मी एक लोखंडी वायसर घेतला, चिकटपट्टीनं सेन्सरवर चिकटवला, पॅनेलपर्यंत चालत आलो, दिवा पाहिला, कागदावर खूण केली, परत गेलो, वायसर काढून पुढच्या सेन्सरला लावला. असे सात झाले. मध्ये डबा खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं. हे सांगायलासुद्धा कोणी नाही म्हटल्यावर मुकाट्यानं खाल्ली.

आठवा सेन्सर प्रेसच्या दाराचा. दार बंद असेल तरच प्रेस खाली यावा, उघडं असेल तर हलूही नये, यासाठी तो. वायसर लावला, पॅनेलपाशी आलो, दिवा लागलेला होता. खूण केली, सही ठोकली, पिशवी उचलली आणि विश्रांतवाडीला घरी आलो.

सोमवारी सकाळी शर्ट भिजवण्याआधी खिसे चाचपले. बायको गेल्यापासून ही कामं माझ्याकडेच. खिशात वायसर नव्हता. सात वेळा वायसर काढला, कारण पुढच्या सेन्सरला तो लागत होता. आठव्यानंतर पुढचा नव्हता. “सोड” म्हणणारंही कोणी नव्हतं. म्हणजे वायसर अजून तिथंच होता, आणि दार सताड उघडं असलं तरी पीएलसीच्या लेखी बंद होतं. आठ वाजता त्या प्रेसवर बाई बसणार होती.

कोपऱ्यावरच्या बूथवरून कारखान्याला फोन लावला. नुसती घंटा. रिक्षा पकडली. खराडीला ट्रकांची रांग लागली होती, तिथं देवाचं नाव घेतलं. एरवी मी घेत नाही.

शेडमध्ये शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. प्रेससमोर कौशल्याबाई होत्या. दार उघडं, उजवा हात पत्रा सरळ करायला आत, पाय पेडलजवळ. मी धावत जाऊन लाल बटणावर मूठ मारली. प्रेसमधली हवा फुसकन सुटली. कौशल्याबाई दचकून मागं सरल्या. मी दाराच्या चौकटीवरचा वायसर काढून त्यांना दाखवला आणि काय झालं असतं ते सांगितलं. त्यांनी आपला हात पदराला पुसला.

मग म्हणाल्या, “काल संगं कुणी न्हवतं व्हय?”

“नव्हतं.”

“मग हाक मारायची. मी शेडमागंच ऱ्हाते. एकट्यानं कशाला करायचं असलं काम?”

मी वायसर खिशात टाकला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारखान्याच्या ऑफिसातून साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. शेवटी नऊ महिने मनात ठेवलेलं बोललो, “साहेब, एकट्याला जमत नाही. मार्चमध्येही जमणार नव्हतं. मी खोटं बोललो. नियाजला परत बोलवा.”

“वा! आज सुचलं का?” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “अहो, दिवाळीतच बोलावलं होतं त्याला. काम वाढलं होतं. नाही म्हणाला.”

“का?”

“म्हणाला, बापू आहे ना तिथं, त्याला एकट्याला जमतं. माझी काय गरज?”

रिसीव्हर कानाला तसाच धरून मी विचारलं, “रागानं म्हणाला का, साहेब?”

“छे हो,” साहेब म्हणाले, “कौतुकानं.”