दस्तगीर भिस्त्याचं मत

“जोतीरामाचं काय बी चुकलं न्हाय,” दस्तगीर म्हणाला. “त्येच्या म्होरं जे दोघं हुबे हुते, ते पंगतीत बसल्यागत हुबे हुते. चेंडू काय वाढप्या हाय व्हय, वाकून इचारायला, घेता का म्हणून?”

तालमीच्या कट्ट्यावर हशा पिकला. गोलकीपर जोतीरामापुढच्या ज्या दोघांबद्दल तो बोलत होता, तेही हसले. पिंपळ तालमीचा फुटबॉल संघ त्या दिवशी चौथा सामना हरून आला होता, आणि हरल्यावर कट्ट्यावर बसून दस्तगीरचं मत ऐकायचं, हा त्या हंगामाचा नेम होऊन बसला होता.

हा १९२० सालचा हिवाळा. शाहू महाराजांची कारकीर्द होती. गावात मान होता तो कुस्तीला. फुटबॉल कॉलेजातली आणि बोर्डिंगांतली पोरं खेळत. त्यांचं बघून पेठेतल्या तरुणांनी दोन वर्षांपूर्वी संघ काढला, पैलवान गड्यांनाच त्यात घातलं आणि अनवाणी पायांनी मैदानात उतरवलं. तालमीचे वस्ताद हंबीरराव यांनी त्याला परवानगी दिली होती, आशीर्वाद दिला नव्हता.

दस्तगीर नगरपालिकेचा भिस्ती. वय पन्नाशीचं. खांद्यावर शेळीच्या कातड्याची मसक घेऊन सकाळी रस्त्यांवर पाणी शिंपायचं, हे त्याचं काम. त्यानं आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण सामन्याच्या दिवशी मैदानावरची धूळ बसवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून पहिल्याच वर्षी तो विहिरीवरून मसक भरून मैदानात गेला, आणि शिंपून झाल्यावर तिथंच थांबला. तेव्हापासून त्यानं एकही सामना चुकवला नव्हता.

त्याची मतं ठरलेली नसत. प्रत्येक हारीला नवं असे. पहिला सामना हरला तेव्हा तो म्हणाला, “जत्रंत चोर घावल्यागत सगळी एकाच चेंडूच्या मागं पळत्यात. बाकीचं रान कुणी राखायचं?” दुसऱ्या वेळी संघनायक कृष्णातवर आला. “कृष्णात चेंडू सोडतच न्हाय. नव्या नवरीला म्हायेरला धाडल्यागत त्येच्या जिवावर येतंय.” तिसऱ्या वेळी मात्र तो फारसं बोलला नाही. “चांगली खेळली पोरं,” एवढंच म्हणाला, आणि ते कुणालाच आवडलं नाही.

“दस्तगीर,” हंबीरराव आज खांबाला टेकून म्हणाले, “तू कवा खेळलायस का रं?”

“न्हाय, वस्ताद. पर त्या मैदानाचा तुकडा न् तुकडा भिजवलाय. कुठं कोन कसं पडतंय, ते मला ठावं हाय.”

“मग आता माझं मत ऐक. बोर्डिंगाशी सामना हाय न्हवं रविवारी? त्यो हरला की गोलाचं बांबू उपटायचं. पोरं परत लाल मातीत. पेठंचं हसं लई झालं.”

  दस्तगीरला कुस्तीतलं फारसं कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो याच कट्ट्यासमोरून रोज पाणी शिंपत जायचा, आणि “चाचा, बसा की” असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. फुटबॉल गेला तर पुन्हा समोरून शिंपत जायचं, हे त्याला सांगायला कुणाची गरज नव्हती.

*

भिस्त्याच्या कामात एकच नियम आहे. मसकेचा गळा मोकळा असेतोवर पाय थांबवायचा नाही. चालत राहिलं तर पाणी पसरतं आणि धूळ बसते. थांबलं तर एका जागी मुरतं आणि चिखल होतो. दस्तगीरच्या बापानं त्याला मसक उचलता येण्याआधी हा नियम शिकवला होता, आणि गेल्या पस्तीस वर्षांत रस्त्यात कुणी कितीही हाका मारल्या तरी तो आधी गळा आवळायचा आणि मग मान वळवायचा.

रविवारी दुपारी तो विहिरीवर मसक भरत असताना हंबीरराव एकटेच आले. त्यांना खेळ आवडत नव्हता. हार त्याहून आवडत नव्हती.

“बोर्डिंगाचा त्यो पोरगा बघितलास न्हवं? गगनबावड्याचा. डाव्या कडंनं वारं आल्यागत पळतोय.”

“बघितलाय. भारी हाय.”

“त्या कडंला जरा जास्ती पानी ओत. पाय रुततील त्येचं.”

दस्तगीर हसला. “वस्ताद, गगनबावड्याला चार म्हैनं आभाळ फाटतंय. त्यो चिखलात चालायला शिकलाय. रुतायचं ते आपलंच गडी.”

“मस्करी सोड. ओतणार का न्हाय?”

दस्तगीरनं मसकेचा गळा आवळला. “न्हाय, वस्ताद. संघ माझा हाय, पर पानी माझं न्हाय. ते सगळ्यांस्नी सारखंच पडतंय. आजवर तसंच टाकलंय.”

हंबीररावांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. रागावले का, ते कळलं नाही. “बरं,” म्हणाले आणि गेले.

दस्तगीरनं मैदान शिंपलं. पूर्वेकडून सुरुवात, आडवे पट्टे, एकाला लागून दुसरा. डाव्या कडेला जेवढं, तेवढंच उजव्या कडेला. माणसं जमू लागली होती. शेवटची मसक घेऊन तो पश्चिमेच्या गोलाशी आला, तेव्हा जोतीराम दोन बांबूंच्या मधे उभा राहून हात झटकत होता. जोतीराम शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल होता. अंगावर आलेली ढेप झेलायची त्याला सवय होती, म्हणून त्याला गोलकीपर केलं होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“चाचा, रात्री झोप न्हाय लागली.”

“का रं?”

“त्यो गगनबावड्याचा. त्यो पळत आला की मला कळतच न्हाय, म्होरं जाऊ का मागं ऱ्हाऊ.”

आणि दस्तगीर बोलू लागला. दोन वर्षं कट्ट्यावर बसून त्यानं जी मतं मांडली होती, ती सगळी हार झाल्यानंतरची होती. सामन्याआधी त्याला कुणी काही विचारलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. “त्येच्या पायाकडं बघू नगंस. त्यो पायानं फसवतोय. कंबरंकडं बघ. कंबार जिकडं वळंल, तिकडं चेंडू. आणि म्होरं जायाचं न्हाय. ढेप टाकणाऱ्याच्या अंगावर जातोस का तू? हुबा ऱ्हातोस न्हवं, पाय रोवून? तसाच हुबा ऱ्हा.” तो एका हातानं दाखवत होता, वाकून, वळून. जोतीराम मान हलवत होता. चेहऱ्यावर जरा रंग आला.

“आलं ध्यानात, चाचा.”

दस्तगीर समाधानानं निघाला. मसक रिकामी झाली होती. ती कधी रिकामी झाली, याचा त्यानं विचार केला नाही.

*

नाणेफेक कृष्णातनं जिंकली आणि पश्चिमेचा गोल घेतला, म्हणजे समोरच्यांच्या डोळ्यांवर ऊन. पहिली वीस मिनिटं पिंपळ तालीम अशी खेळली, जशी वर्षभरात खेळली नव्हती. सगळे एका चेंडूमागं धावले नाहीत. कृष्णातनं चेंडू सोडला. दस्तगीर विहिरीच्या कठड्यावर चढून ओरडत होता, “आता कसं! आता कसं!”

मग गगनबावड्याच्या पोरानं डाव्या कडेनं चेंडू काढला. दोघांना चुकवून तो गोलापुढं आला. जोतीराम पुढं गेला नाही. पाय रोवून उभा राहिला. त्यानं कंबरेकडं पाहिलं आणि बरोबर उजवीकडं झेप घेतली. म्हणजे घ्यायला गेला. रोवलेला पाय मागं सरकला, आणि तो गुडघ्यांवर आपटला. पोराचाही पाय त्याच चिखलाच्या कडेला पडला, पण तो जराही घसरला नाही. चेंडू जोतीरामच्या हातापासून वीतभर लांबून आत गेला.

जोतीराम उठला तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे काळे झाले होते. उरलेलं सगळं मैदान तांबूस, नुसतं ओलसर होतं. बांबूंच्या मधे तेवढा एक काळा गोल तुकडा होता. एक माणूस उभा राहून बोलत असावा, तेवढा.

दस्तगीर कठड्यावरून खाली उतरला. उरलेला सामना त्यानं उभ्यानं पाहिला आणि तोंड उघडलं नाही. शेजारच्या एकानं विचारलंही, “काय चाचा, बोलत का न्हाई आज?” एका गोलानं हार झाली.

*

दिवेलागणीला तो घरी बसून होता. मसक खुंटीला टांगलेली होती. त्याची बायको इमामबी मसकेकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. तालमीत काय चाललंय तेही कानावर आलं होतं: हंबीररावांनी जोतीरामाला सगळ्यांदेखत विचारलं, मैदानभर कुणी पडलं नाही, मग तूच कसा पडलास?  उद्यापासून तालमीची पायरी चढायची नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

“त्येला चिखल दिसला नसंल का?” दस्तगीर म्हणाला. “त्यो सांगंल.”

इमामबी घरात दखनीच बोलायची. “उनो नै बोलता तुमारा नाव,” ती म्हणाली. “जाव. सच हाय सो बोलके आव.”

तो गेला. कट्टा भरलेला होता. जोतीराम खाली, रस्त्यावर उभा होता. दस्तगीर कट्ट्यावर चढला नाही. जोतीरामाच्या शेजारी उभा राहिला.

“पानी माझं हुतं,” तो म्हणाला. “त्येच्यासंगं बोलत थांबलो आणि गळा मोकळाच ऱ्हायला. त्यो बरोबर उडी मारत हुता. चूक त्येची न्हाय. माझी हाय.”



“दुपारी म्या सांगितलं तिथं ओतलं न्हाईस,” हंबीरराव सावकाश म्हणाले. “आणि ओतलंस ते आपल्याच दारात.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बोर्डिंगवाल्यांनी बिर्याणी चारली असंल!”

“गप ऱ्हा!” हंबीरराव गरजले. “लबाड असता तर दुपारीच माझं ऐकलं असतं त्येनं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “जोतीराम, सकाळी येत जा तालमीला. आणि दस्तगीर…” ते थांबले. “बांबू उद्या उपटायचं, ते काय बदलत न्हाय. आता हितं बोलण्याजोगं काय ऱ्हायलं न्हाय. जा तू.”

दस्तगीरनं मान हलवली. जाताना त्यानं नेहमीसारखा कट्ट्याला हात लावला नाही की मागं पाहिलं नाही.

*

पुढच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर बोर्डिंगानं आपले बांबू रोवले. दस्तगीर रोज सकाळी तालमीसमोरून पाणी शिंपत जाई. कट्ट्यावर मेहनतीच्या, खुराकाच्या गोष्टी चालत. कुणी ओळखीचं दिसलं तर तो मान लववी. पाय थांबत नसत.

सामन्याच्या दिवशी तो मैदान शिंपायचा. आता कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. आडवे पट्टे, एकाला लागून दुसरा. गोल आला की दहा पावलं अलीकडे मुठीत गळा आवळायचा, बांबूंपुढून तसाच कोरडा जायचा आणि पलीकडे मूठ सैल करायचा. दोन्ही गोलांपुढची धूळ तेवढी उडत राहायची. बोर्डिंगाच्या पोरांनी एकदा कारण विचारलं. “तितं नको,” एवढंच तो म्हणाला. शिंपून झालं की तो निघून जाई.

एका रविवारी तो असाच निघाला असताना विहिरीपाशी जोतीराम उभा होता. अडतीवरून थेट आला होता. खांद्यावर गूळ वाळून चिकटला होता आणि माश्या बसत होत्या. मैदानात खेळ सुरू झाला होता. दोघं काही वेळ बघत राहिले.

“नवा गोलकीपर दिसतोय,” जोतीराम म्हणाला.

दस्तगीरची नजर गोलाकडं गेली.

“काय वाटतंय, चाचा?”

दस्तगीरनं खांद्यावरची मसक उतरवली. ती रिकामीच होती. तरी त्यानं गळ्याला पीळ दिला, दोरीचे दोन वेढे घातले, गाठ मारून ओढून पाहिली आणि ती विहिरीच्या खांबाला अडकवली. खाली ठिबकतंय का, ते वाकून बघितलं.

“लई म्होरं हुबा ऱ्हातोय,” तो म्हणाला.