हा गुंता नाही

मी हिमरू शालींच्या मागावरचा जाळा बोलतोय. नाव ऐकून कोळ्याची आठवण आली ना? साहजिक आहे, दिसायला मी नुसता दोऱ्यांचा झुबका. पण माझ्या गाठींत नक्षी बांधलेली आहे. विणताना माझे दोरे ओढले की ताण्यातले नेमके उभे धागे उचलले जातात आणि कापडावर फूल उमटतं. ते फूल कागदावर कुणी कधी काढलं नाही. ते माझ्यातच आहे.

मला बांधलं जब्बार उस्तादांनी, याच शहरातल्या एका गल्लीत. गाठ मारताना ते श्वास रोखून धरत. पुढं यंत्रमागाचं कापड आलं, माग बंद पडला. बरीच वर्षं मी त्यांच्या घरी खुंटीला लटकलो. ते गेल्यावर घरच्यांनी मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुर्मिळ संग्रहात दिलं. पेटीवरची चिठ्ठी कधीतरी गळून पडली आणि मी बेवारस झालो.

यंदा संग्रहाची साफसफाई निघाली. सुदर्शन नावाचे नवे सहायक पाचोडहून येतात. माणूस भला, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. गुंता दिसला की सोडवायचा, दोरा वाया घालवायचा नाही, ही आईनं लावलेली सवय. माझी पेटी उघडून ते हळहळले, खिडकीशी बसले आणि एका टोकाकडून माझ्या गाठी सोडू लागले. कात्री न लावता, अगदी मायेनं. रागावणार तरी कसं? पण माझा जीव टांगणीला लागला. आधी पानं गेली. मग देठ गेला.

समोरच्याच टेबलावर उस्तादांची नात तहरीम बसली होती. ती इथं संशोधन करते. तिच्याजवळ आजोबांनी माझ्यावर विणलेल्या शालीचा तुकडा होता आणि त्यातल्या फुलाची एक पाकळी कसरीनं खाल्लेली. त्या पाकळीसाठी ती जुन्या कापडांचे फोटो चाळत होती, मान खाली घालून. पोरी, वर बघ. ती पाकळी माझ्याकडं होती आणि सुदर्शनची बोटं तिथवर पोचली होती.

सुटलेला दोरा गुंडाळत ते सहज म्हणाले, "मॅडम, लई गुंता होता. निम्मा सोडवला बघा."

तहरीमनं वर पाहिलं. खुंटीवरचा मी तिला आठवलो असणार. खुर्ची मागं ढकलून ती उठली. "दादा, हात काढा. गुंता नाय तो. माझ्या आजोबांचं फूल हाय."

सुदर्शनचा चेहरा उतरला. तिनं तुकडा माझ्याशेजारी ठेवून एकेक गाठ तपासली. पाकळी अर्धी उरली होती. परत तशीच बांधता येईल का, असं सुदर्शन पुन्हा पुन्हा विचारत होते.

"अर्धी त्यांची," ती शेवटी म्हणाली. "बाकीची आता मलाच बांधावी लागंल."

आता ती रोज येते. जुनं-नवं ओळखू यावं म्हणून नव्या गाठी लाल दोऱ्याच्या. दुसरं टोक सुदर्शन ताणून धरतात. पेटीवर त्यांनीच चिठ्ठी लावली आहे, 'हा गुंता नाही.' तुमच्या घरात असं काही सापडलं तर बाबांनो, सोडवण्याआधी कुणाला तरी विचारा. माझी ती पाकळी हुबेहूब जमेल का, मला ठाऊक नाही. पण गाठ मारताना तहरीमही श्वास रोखून धरते.