परक्यासमोर कौतुक

कोच हॉलोवे दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले, तसा शैलेंद्र "नो नो, कोच, राहू द्या" म्हणत सुटला, आणि दर वेळी त्याच्या बायकोने, प्रीताने, मागून त्याचा शर्ट ओढला. बूट आत चालणार नव्हतेच. चौकटीत जेमतेम मावेल एवढा तो माणूस शेवटी मोज्यांवर आत आला, सोफ्याच्या अगदी टोकावर बसला, आणि खोलीतली सगळी मोकळी जागा एकदम संपली.

प्रीताने वडे पुढे केले. पाहुण्याने आधी नको म्हणायचं, मग आपण आग्रह करायचा, मग त्याने "बरं, अर्धा" म्हणायचं, असा तिचा हिशोब. कोचनी पहिल्याच झटक्याला दोन उचलले आणि "थँक यू, मॅम" म्हणाले. तिचा सगळा आग्रह तोंडातच राहिला.

असा माणूस अमेरिकेच्या मधल्या भागातून, मिडवेस्टमधून, विमानाने पार पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेलला येतो, तो उगाच येत नाही. तो आपल्या कॉलेजच्या टीमसाठी परीक्षितला बघायला आला होता. आपल्या पोराला! शैलेंद्रचा अजून विश्वास बसत नव्हता. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना तर अजून वाटायचं की परीक्षित सॉकर खेळतो. खेळायचा, लहान असताना. मग शाळेच्या हेल्मेटवाल्या फुटबॉल टीमच्या कोचने त्याची किक पाहिली आणि त्याला पळवलं. तेव्हापासून सामन्यात त्याचं काम एकच. एक जण बॉल जमिनीवर उभा धरतो, परीक्षित येतो, आणि तो बॉल दोन उंच खांबांमधून पार करतो. बाकी वेळ तो कडेला उभा. पण त्या एका किकवर सामना जातो नाहीतर येतो. सरावाला खांबांमागे उभं राहून ते बॉल गोळा करणं हे शैलेंद्रचं काम. कितीतरी शनिवार त्याने त्या ओल्या गवतात काढले होते.

आता परीक्षित सतरा वर्षांचा होता आणि दोन कॉलेजं समोर होती. एक कोच हॉलोवेंचं. तिथल्या स्टेडियममध्ये शैलेंद्रचं अख्खं कराड बसवून वर जागा उरली असती. दुसरं घरापासून दोन तासांवर, लहानसं, अभ्यासाला चांगलं. त्यांच्या सामन्याला खेळाडूंचे आईवडील आणि त्यांची कुत्री एवढीच गर्दी. प्रीताला दोन तासांवरचं हवं होतं. शनिवारी डबा घेऊन जाता येईल, असं ती एकदा बोलून गेली होती. शैलेंद्रला त्या मोठ्या स्टेडियमचं स्वप्न पडायचं, अगदी खरोखर झोपेत पडायचं, पण त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. दोघांचं एकच ठरलं होतं: पोरावर दबाव आणायचा नाही, निर्णय त्याचा. आपल्या आईबापांनी आपल्याला इंजिनीअरिंगला ढकललं तसं करायचं नाही.

परीक्षितला कुठे जायचंय हे मात्र सांगायची गरज नव्हती. कोच बोलत होते आणि तो त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता की प्रीताने नजर वळवली.

"सर, एक सांगतो," कोच शैलेंद्रकडे वळले. "या वर्षी मी खूप मुलं पाहिली. तुमच्या मुलासारखा पाय कुणाचा नाही."

शैलेंद्रचं ऊर असं भरून आलं की त्याला घोटभर पाणी प्यावं लागलं. आणि मग त्याने तेच केलं जे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते.

"छे छे, कोच," तो इंग्रजीत म्हणाला, "तुमचा मोठेपणा आहे. या सीझनला नशिबाने साथ दिली त्याला. वारापण बरा होता. बाकी अजून लहान आहे तो. फार घाबरतो. सेमीफायनलला नाही का चुकला!"

"सकाळी स्वतःहून उठत नाही, ते सांग ना," प्रीता मराठीत म्हणाली, आणि मग हसत हसत तिनेच ते इंग्रजीत सांगून टाकलं.

कोच हसले नाहीत. त्यांनी हातातला वडा बशीत ठेवला.

"घाबरतो? म्हणजे किकच्या वेळी?"

"अहो, भयंकर!" शैलेंद्र रंगात आला होता. "आदल्या रात्री झोप नाही, जेवण नाही. खूप शिकायचंय त्याला अजून. तुमच्यासारख्यांच्या हाताखाली आला तर थोडंफार शिकेल, झालं."

परीक्षित आपल्या हातांकडे बघत होता. कान लाल झाले होते त्याचे. लाजला, असं शैलेंद्रला वाटलं, आणि बरंही वाटलं. पोरगा एवढं होऊनही हवेत गेलेला नाही.

शैलेंद्र दहावीला बोर्डात आला होता तेव्हा कराडच्या घरी पेढे खायला लोक जमले होते. त्याचे वडील सगळ्यांना एकच सांगत होते, "यंदा पेपरच सोपे होते हो." शैलेंद्र आतल्या दाराशी उभा राहून ऐकत होता आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की हा माणूस अभिमानाने फुटायला आलाय. पोराला दृष्ट लागू नये, त्याने हरभऱ्याच्या झाडावर चढू नये, म्हणून बोलायचं असतं तसं. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.

कोच निघाले. परीक्षित त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. शैलेंद्र खिडकीतून बघत होता. गाडीपाशी कोचनी काहीतरी विचारलं. परीक्षितने जरा वेळ घेतला आणि काहीतरी उत्तर दिलं. कोचनी मान हलवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

"जमलं," शैलेंद्र म्हणाला.

प्रीता उरलेले वडे डब्यात भरत राहिली.

शनिवारी परीक्षितचा फोन वाजला. तो वर गेला आणि लगेचच खाली आला.

"दे वेंट विथ द अदर गाय," तो म्हणाला. "ॲरिझोनाचा आहे कुणीतरी."

"म्हणजे?" शैलेंद्रने विचारलं.

"म्हणजे मी नाही. इट्स फाइन, बाबा. मी इथलंच घेतो. दोन तासांवरचं."

प्रीताने त्याला जवळ घेतलं. मग ती आत गेली, साखरेची वाटी आणली आणि चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली. कॉलेज ठरलं होतं, तोंड गोड करायला हवं. त्याने आज्ञाधारकपणे ती खाल्ली. साखर भरवताना तिचे डोळे भरून आले, आणि ते आनंदाने नव्हते हे तिचं तिलाच कळलं. तिला हवं होतं ते झालं होतं, पण असं नको होतं.

शैलेंद्र मात्र संतापला. वडे काय हाणले, माझा हात हातात घेऊन काय हलवला, "तुमच्या मुलासारखा पाय नाही" काय म्हणाला! मग झालं काय दोन दिवसांत? ॲरिझोनाच्या पोराला तीन पाय आहेत की काय? तो रविवारभर धुसफुसत राहिला. प्रीता म्हणाली, "जाऊ दे ना आता." पण त्याला जाऊ देता येईना. काहीतरी गफलत झालीय, त्याला वाटत होतं, आणि गफलत असेल तर ती कुणीतरी सांगून सुधारता येते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला आणि त्याने कोचच्या कार्डावरचा नंबर फिरवला. उचलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी उचलला.

"सर," ते म्हणाले, "खरं तर मीच तुम्हाला फोन करणार होतो. आभार मानायला."

"आभार?"

"इतकी वर्षं मी लोकांच्या घरी जातोय. प्रत्येक बाप माझ्याशी मुलासाठी खोटं बोलतो. कुणाचाच मुलगा कधी घाबरत नाही. खरं सांगणारे तुम्ही पहिले. मला फार आदर वाटला तुमच्याबद्दल."



"कोच, ते तसं नव्हतं. ते मी... आमच्यात तसं म्हणतात."

"सॉरी?"

"आमच्या घरात परक्यासमोर मुलाचं कौतुक करत नाहीत. उलटं बोलतात. तो घाबरत नाही, कोच. अजिबात नाही. सामन्याच्या आदल्या रात्री घोरतो तो. मी पाहिलंय."

पलीकडे कोच ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, भला माणूस होता. पण समजलं नव्हतं, आणि कसं समजावं?

"सर, तुमच्या बोलण्यावरून मी त्याला नाकारलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "बापाच्या बोलण्यावर मी कधीच जात नाही. म्हणून मी गाडीपाशी त्यालाच विचारलं. म्हटलं, 'तुझे वडील म्हणतात तू घाबरतोस. खरं आहे का?' त्याने फक्त 'नाही' म्हणायचं होतं, सर. हसून जरी म्हणाला असता, 'माझ्या बाबांना काय कळतंय!' तरी मी तिथल्या तिथे त्याला घेतला असता. साठ हजार लोक ओरडत असताना किक मारायची असते. स्वतःवर भरवसा असलेला मुलगा लागतो मला."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, 'मी आजवर मारलेली प्रत्येक किक बाबांनी पाहिलीय. ते म्हणतात म्हणजे तसंच असणार.'"

शैलेंद्रला पुढचं नीट ऐकू आलं नाही. ती जागा भरली होती, ॲरिझोनाच्या मुलाने हो म्हटलं होतं, परीक्षित चांगला मुलगा आहे, असं काहीतरी कोच बोलत होते. त्याने थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शेजारच्या गाडीत कुणीतरी सँडविच खात होतं.

सतरा वर्षं. मंडळात, फोनवर, पाहुण्यांत, सतरा वर्षं आपण हेच बोलत आलो. अभ्यासात यथातथाच आहे हो. कसला खेळतो, वेळ घालवतो झालं. आणि पोरगा शेजारी उभा राहून ऐकायचा. आपण दाराआडून जे ऐकलं होतं, तेच शब्द. पण त्याला त्यांचा दुसरा अर्थ कुणी शिकवलाच नव्हता. तो बॉथेलमध्ये जन्मला होता. इथे लोकांना जे म्हणायचं असतं तेच ते म्हणतात. सतरा वर्षं त्याने बापाचा शब्द न् शब्द खरा मानला होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा प्रीता अजून लॅबमधून यायची होती. परीक्षित ओट्यापाशी काकडी चिरत होता. कोशिंबिरीचं काम त्याच्याकडे असायचं. शैलेंद्रने कोट काढला नाही. येताना गाडीत त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, पण पोराची वाकलेली मान समोर दिसली आणि सगळं विसरला.

"परीक्षित."

"हं?"

"तू फार चांगला खेळतोस."

सुरी थांबली.

"म्हणजे, नुसता चांगला नाही," शैलेंद्रचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "मी कोचशी बोललो आज. तू गाडीपाशी त्यांना जे सांगितलंस ना, ते चूक होतं, राजा. मी जे बोललो ते खोटं होतं. मला असं म्हणायचंच नव्हतं. तुझ्यासारखा मी कुणी पाहिलेला नाही. मला तुझा अभिमान वाटतो. आधीपासून वाटतो. रोज वाटतो."

परीक्षितने वळून बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. समजूतदार, मोठ्या माणसाचं हसू. आजारी माणसाने "मी बराय रे" म्हटल्यावर आपण जसं हसतो, तसं.

"आईने सांगितलं का तुला असं म्हणायला?"

"नाही रे! कुणी नाही सांगितलं. माझं मी म्हणतोय."

"इट्स ओके, बाबा," तो म्हणाला. त्याने हात पुसले आणि बापाच्या खांद्यावर थोपटलं. "आय ॲम फाइन, रिअली. यू डोंट हॅव टु बी नाइस."

आणि तो पुन्हा काकडी चिरायला लागला.